सासूबाई परत अ‍ॅडमिट झाल्या, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

पत्र: सिस्टर, नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. मार्चमध्ये पाण्याच्या दिवशी पहाटे चारला त्या बॅरल भरायला उठल्या, पाइपात पाय अडकला आणि न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून बॉल बदलला, सहाव्या दिवशी लघवीच्या नळीसकट घरी सोडलं. चार दिवस बऱ्या होत्या. मग जेवण तुटलं, गुंगी वाढली आणि एका संध्याकाळी त्या नुसत्या कानडीतच बोलायला लागल्या. माहेर कर्नाटकात इंडीकडचं आहे, पण इतक्या वर्षांत आमच्याशी कधी कानडी बोलल्या नव्हत्या. नणंदबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे, दोरा बांधा. त्यात दोन दिवस गेले. शेवटी परत नेलं तर लघवीत इन्फेक्शन आणि सोडियम ११८. पाच दिवस ठेवून आता घरी आणलंय. सासूबाई पाणी पीतच नाहीत, हट्टी आहेत. मिस्टर म्हणतात ऑपरेशन फसलं, डॉक्टरवर केस करतो. नणंदबाई म्हणतात सुनेनं नीट बघितलं नाही. शेजारच्या काकांचे गुडघे बदलले, ते आठवड्यात जिना चढत होते. आमचं काय चुकलं? तिसऱ्यांदा जायची वेळ येऊ नये म्हणून काय करू? आणि सासूबाई रोज विचारतात, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाता येईल का? दोन्ही डिस्चार्ज कार्डांवरचा मजकूर मागच्या पानावर उतरवून दिलाय.
– एक सून

ताई,

मागचं पान मी आधी वाचलं. दुसऱ्या कार्डावर लिहिलंय: जखम कोरडी, एक्स-रे ठीक, वॉकर धरून उभ्या राहतात. म्हणजे खुबा जागेवर आहे. ज्या कामासाठी ऑपरेशन केलं ते काम झालंय. सासूबाई परत गेल्या त्या लघवीपायी आणि सोडियमपायी. हे मिस्टरांना आज रात्री जेवताना सांगा, कार्ड पुढ्यात ठेवून.

मी बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली. खुबा मोडून आलेली म्हातारी माणसं परत यायची ती बहुतेक खुब्यासाठी यायचीच नाहीत. कुणाच्या छातीत कफ भरलेला, कुणाची लघवी पिकलेली, कुणाचं हृदय थकलेलं, कुणाचं पोट सहा दिवस साफ नाही, कुणी घरात पुन्हा पडलेलं. जखमेतून पाणी येतंय, बॉल निसटलाय असे पेशंटही यायचे, पण कमी. ज्या देशांत या नोंदी नीट ठेवतात तिथंही महिनाभरात साधारण दहातला एक पेशंट परत येतो आणि बहुतेकांचं कारण हाडाबाहेरचंच असतं. तेव्हा तुमच्या घरी काही जगावेगळं घडलेलं नाही.

शेजारच्या काकांशी तुलना सोडा. काकांनी तारीख ठरवून गुडघे बदलले. त्याआधी साखर आटोक्यात आणली असेल, रक्त तपासलं असेल, दात दाखवले असतील, घरी कमोड बसवला असेल. सासूबाई पहाटे चारला ओल्या लुगड्यानिशी होत्या तशा उचलून नेल्या. बीपी होतं तेवढं, रक्त होतं तेवढं, उन्हाळ्यानं आधीच सुकलेलं अंग. त्यावर मोडलेलं हाड, भूल आणि रक्तस्राव. खुबा मोडणं हा म्हातारपणी सगळ्या शरीराला बसलेला दणका असतो. एक्स-रेत दिसतं ते फक्त हाड.

आता कानडीचं. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. म्हाताऱ्या माणसाचं डोकं असं एकाएकी भरकटलं, संध्याकाळ झाली की वाढलं, सकाळी जरा निवळलं, तर त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. मेंदूला आतून काहीतरी कमी पडतंय किंवा कशाचा तरी त्रास होतोय, त्याची ही हाक असते: इन्फेक्शन, सोडियम, ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, एखादी गोळी. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. ११८ म्हणजे फारच खाली. अशा वेळी माणूस लहानपणच्या भाषेत शिरतो. आमच्या वॉर्डात आयुष्यभर मराठी बोललेल्या बायका रात्री तेलुगूत आईला हाका मारायच्या. नणंदबाईंनी दोरा बांधला तर बांधू द्या, त्यावरून भांडू नका. पण दोरा बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात रिक्षा बोलवायची. तुम्ही विचारलंत काय चुकलं, तर चुकले ते हे दोन दिवस. परत नेण्यात काही चूक नव्हती, उशिरा नेण्यात होती. उद्या पुन्हा नेण्याची वेळ आली तर कमीपणा वाटून थांबू नका.

सोडियम उतरलं कशानं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण पहिल्या कार्डावरच्या गोळ्यांत बीपीची जी गोळी आहे, तिच्या नावाच्या शेवटी ‘एच’ आहे. बऱ्याचदा त्या एचचा अर्थ असा, की गोळीत लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं आहे. चांगलं औषध आहे, लाखो लोक घेतात. पण म्हातारं माणूस, एप्रिलचं ऊन, जेवण निम्म्यावर आणि बीपी म्हणून मीठ तोडलेलं, अशात त्यानं सोडियम उतरू शकतं. दुसऱ्या कार्डावर ती गोळी दिसत नाही. बंद केली की लिहायची राहिली, हे शुक्रवारी चेकअपला जाल तेव्हा विचारा. तोवर मनानं सुरू करू नका.

आणि आता घरातला गोळ्यांचा डबा काढा. हे मी नर्स म्हणून सांगत नाही, हात पोळलेली मुलगी म्हणून सांगते. माझ्या आईचा खुबा मोडला तेव्हा मी नोकरीतच होते. आईला घरी आणलं, नव्या गोळ्या तिच्या उशाशी ठेवल्या, वेळा भिंतीवर लिहिल्या. जुना डबा देवघराच्या फडताळात तसाच होता. आई तिच्या सवयीनं सकाळी दिवा लावला की त्यातली बीपीची गोळी घ्यायची, आणि आठ वाजता मी दिलेली नवीही घ्यायची. दोन्हींवर कंपनीचं नाव वेगळं, रंग वेगळा. आतलं औषध एकच. नवव्या दिवशी पहाटे बीपी एवढं उतरलं की ती देवघरापाशीच कोसळली. बॉल वाचला, मनगट मोडलं. वॉर्डात रोज चाळीस पेशंटच्या गोळ्या वाटणारी मी, आणि माझ्याच घरात हे.

म्हणून असं करा. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका चादरीवर मांडा: जुन्या, नव्या, मिस्टरांच्या खिशातल्या, नणंदबाईंनी पुण्याहून पाठवलेल्यासुद्धा. पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरांत खरं औषध. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा, नाहीतर पिशवी घेऊन मेडिकलवाल्याकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: यात एकच औषध दोनदा आहे का? जे कार्डावर नाही ते पिशवीत बांधून शुक्रवारी डॉक्टरांपुढे ठेवा. दुखण्याच्या गोळ्या तर नीट बघा. नव्या दुखण्याच्या गोळीबरोबर जुनी गुडघ्यासाठीची गोळीही चालू असते, आणि मूत्रपिंड दोघींचा मार खातं.

पाण्याकडे वळू. तुम्ही लिहिलंय, “सासूबाई पाणी पीतच नाहीत, हट्टी आहेत.” ताई, हट्टी नाहीत हो. हिशोबी आहेत. पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं, उठायचं तर सुनेला हाक मारावी लागते, सून नुकती टेकलेली असते, आणि उठताना खुबा ठणकतो. मग त्या पाणीच तोडतात. मी असल्या शेकडो बायका पाहिल्या. तोंडानं सांगणार नाहीत, तांब्या मात्र भरलेलाच राहतो. त्यामुळे ‘पाणी प्या, पाणी प्या’ म्हणून काही होत नाही. कमोडची खुर्ची पलंगाला चिकटून ठेवा, मध्ये पडदा बांधा, आणि ठरावीक वेळेला त्यांनी न मागता तुम्हीच विचारा: उठल्यावर, दहाला, जेवणानंतर, चारला, निजताना. हाक मारायचं ओझं गेलं की पाणी आपोआप पोटात जातं.

किती पाजायचं, हे मात्र डॉक्टरांकडून मापात लिहून घ्या. सोडियम उतरलेल्या माणसाला कधी मीठ-पाणी वाढवायला सांगतात, कधी उलट पाणी कमी करायला. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर त्याचा हिशोब आणखी वेगळा. शेजारणीच्या सांगण्यावरून दिवसभर शहाळं आणि इलेक्ट्रॉल ओतू नका. माप मिळालं की तेवढ्या बाटल्या सकाळी भरून ठेवायच्या, रात्री रिकाम्या मोजायच्या.

नळीबद्दल एक गोष्ट. पहिल्यांदा सोडताना लघवीची नळी कधी काढायची ते कार्डावर नव्हतं, असं दिसतंय. ही चूक दवाखान्याची आहे, मी पाठीशी घालणार नाही. नळी जितके दिवस राहील तितका जंतूंचा रस्ता उघडा राहतो. अंगात कुठलीही नळी घेऊन पेशंट घरी निघाला तर ‘ही कधी निघणार’ हे तारखेसकट लिहून घेतल्याशिवाय खाट सोडायची नाही.

सोडण्याचा दिवस कसा असतो ते मला ठाऊक आहे. बिलाच्या खिडकीवर गर्दी, खाली रिक्षावाला ओरडतोय, पुढचा पेशंट कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर, आणि सिस्टर चालता चालता सांगते, “ही दोनदा, ही एकदा, टाक्यांना चौदाव्या दिवशी या.” तुम्ही मान हलवता. मीही हजार वेळा तसंच सांगितलंय. सहा दिवसांची सगळी काळजी त्या दहा मिनिटांत तुमच्या ओच्यात टाकली जाते. परत येणाऱ्यांतले निम्मे तिथंच ठरतात, असं माझं मत आहे. आकडा विचारू नका.

बाकीचं भराभर सांगते.

तीन रंगीत गोळे असलेलं फुप्फुसाचं यंत्र दिलंय ना? त्यात फुंकायचं नसतं. आपल्याकडे दहातले आठ जण बासरीसारखं फुंकतात आणि गोळे हलत नाहीत म्हणून ठेवून देतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळे वर आले की क्षणभर धरायचे. दर तासाला आठ-दहा वेळा. छातीत कफ साठायला आडवं पडून राहणंच पुरतं.

कवळी कुठे आहे? ऑपरेशनला जाताना काढून घेतात, डबीत ठेवतात, आणि तीन आठवडे ती डबी कपाटात राहते. मग सून म्हणते जेवण तुटलं. आधी कवळी बसवा. तुम्ही शाकाहारी आहात, तर दूध, दही, घट्ट वरण, मोड आलेली मटकी शिजवून, शेंगदाण्याचा कूट असं दर खाण्यात काहीतरी हवं. कडक भाकरी आमटीत कुस्करून द्या, शेंगाचटणी दह्यात कालवून. भरवायचं ते बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पोट तीन दिवस साफ झालं नाही तर चौथ्याची वाट बघू नका. दुखण्याच्या काही गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या आतडं बांधून टाकतात, आणि तुंबलेल्या पोटामुळे लघवीही अडते. लोहानं शौचाला काळसर होते, ते चालतं. पण डांबरासारखी चिकट, घाणेरड्या वासाची झाली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीनं पोटात रक्त जात असेल, लगेच न्या. ती गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा ती महिनाभर, ३५ दिवसांपर्यंत लागते, कारण पायाच्या शिरेत गाठ धरायची भीती तेवढे दिवस असते.

त्याच गाठीमुळे पोटरीला मालिश नको. तुमच्या गल्लीतल्या मालिशवाल्या मावशी कितीही हातगुणाच्या असोत. पोटरी सुजली, दुखायला लागली आणि कुणी ती जोरानं चोळली, तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सूज दिसली की डॉक्टर. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर १०८.

खुब्याचं म्हणाल तर पहिले तीन महिने जपायचे. पाट नाही, मांडी नाही, देशी संडास नाही, खाली बसून पूजा नाही. गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये आणि पाय पायावर टाकायचा नाही. पलंग बुटका असेल तर चारी पायांखाली विटा लावा, आणि हलत नाहीत ना ते स्वतः बसून बघा. निजताना दोन पायांत उशी. सगळ्यात जास्त फसवतो तो खाली पडलेला चमचा. सवयीनं माणूस वाकतोच, म्हणून त्यांच्या खुर्चीशेजारी चिमटा बांधून ठेवा. अचानक कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला तर ओढायचा-बसवायचा प्रयत्न कुणीही करू नका, हाडवैद्यानं तर नाहीच. झोपवून न्या. जखमेतून पाणी आलं, लाली वाढली, ताप आला तरी दाखवा. हळद, तेल, भस्म जखमेवर काही नको.

टाचा आणि माकडहाड रोज हातानं चाचपा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर तिथं फोड धरायला लागलाय.

आता घरातली भांडणं. मिस्टरांना म्हणावं, केस करायची की नाही ते नंतर ठरवा, आधी केसपेपर मागा. नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतच आहे. तो कागद दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला वाचायला द्या. नळीच्या तारखेबद्दल आणि सोडताना काय सांगितलं त्याबद्दल तक्रार करायची तर जरूर करा, लेखी करा. बॉलबद्दल करू नका. तसेच शुक्रवारच्या चेकअपला भांडायच्या तयारीनं जाऊ नका. प्रश्न विचारायचे राहून जातात.

नणंदबाईंना नुसतं गप्प बसवून भागणार नाही, काम द्या. रोज संध्याकाळी सातला त्यांनी आईला व्हिडिओ कॉल करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: आज वार कोणता, दुपारी काय जेवलीस, घरी कोण आलं होतं. उत्तर अडखळलं की तुम्हाला सांगायचं. गोंधळ वाढतोय हे रोज जवळ असणाऱ्याच्या ध्यानात उशिरा येतं, लांबच्याला पटकन कळतं. शिवाय महिन्यातून आठ दिवस येऊन राहणं त्यांचंही आहे, हे तुमच्याऐवजी मिस्टरांनी सांगायचं. तुम्ही पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक ओळ लिहून खोडली आहे. मला वाचता आली. रात्री दोनदा उठणारी बाई दोन महिने टिकत नाही. रात्रीची एक पाळी मिस्टरांची.

दुसरा खुबा अजून धड आहे, त्याचं बघा. ज्याचं हाड नुसत्या घसरण्यानं मोडलं त्याचं हाड ठिसूळ आहे असंच धरायचं, आणि गंमत म्हणजे मोडकं हाड बदलून देतात, ठिसूळपणाचं औषध द्यायचं राहून जातं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड नावाचं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलेल्या पेशंटांमध्ये पुढची फ्रॅक्चर तर कमी झालीच, मृत्यूही कमी झाले, असं २००७ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. सासूबाईंना चालेल का, हे मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासूनच ठरतं. दुसऱ्या कार्डावर त्याचा उल्लेख नाही. शुक्रवारी नाव घेऊन विचारा.

आणि पाण्याचा दिवस. न्हाणीतलं एक बॅरल बाहेर काढा, पाइप भिंतीवर हुक मारून वर लटकवा, आणि त्या दिवशी पहाटे सासूबाईंच्या पलंगाशी कुणीतरी असू द्या. मोटारीचा आवाज आला की त्या उठणारच. चाळीस वर्षं त्या आवाजानं उठलेलं अंग वॉकर लक्षात ठेवत नाही.

अक्षतेचं विचारलंत. मार्चमधलं ऑपरेशन, जानेवारी म्हणजे दहा महिने. सगळं ठीक राहिलं तर हातात काठी घेऊन जाता येईल. अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यापाशी गर्दीत घुसायचं नाही, कडेला थांबून तिथूनच अक्षता टाकायच्या. जाताना घरची उंच खुर्ची बरोबर न्या. तिथं मिळते ती प्लॅस्टिकची बुटकी असते, आणि तिचे पाय मातीत फाकतात.